गंजिफा : वर्तुळांत मावलेले दशावतार

हल्लींचीं मुलें पडद्यावरील खेळांत रमतात, हें पाहून वडील माणसें सुस्कारे टाकतात. परंतु त्यांतील कांहीं मुलें एक निराळाच उद्योग करतात. ज्या खेळांतील वीर, राक्षस व नगरें त्यांच्या मनांत भरलेलीं असतात, त्यांचीं चित्रें काढून तीं जाड कागदावर चिकटवितात, प्रत्येक वीराला बळाचा आंकडा देतात, आणि पाहतां पाहतां पत्त्यांचा एक स्वतंत्र संच तयार होतो. हा छंद नव्या युगाचा आहे असें कोणास वाटेल. पण आवडत्या कथेचीं पात्रें पानांवर उतरवून त्यांचा डाव मांडण्याची ही कला आपल्या देशांत कित्येक शतकें नांदली आहे, आणि महाराष्ट्रांत तिचें माहेर म्हणजे दक्षिण कोंकणांतील सावंतवाडी होय. त्या कलेचें नांव गंजिफा.

गंजिफा हा शब्द फारसी भाषेंतून आपल्याकडे आला. त्याचें मूळ खजिना या अर्थाच्या 'गंज' शब्दांत असावें, असें एक मत आहे. बाबर बादशहाच्या आत्मवृत्तांत १५२७ सालच्या नोंदींत असा उल्लेख येतो कीं, सिंधमधील शाह हसन यास ह्या खेळाचा मोठा नाद होता, म्हणून बादशहानें त्याजकडे गंजिफांचीं पानें धाडलीं. पुढें अकबराच्या कारकीर्दींत अबुल फझल यानें आपल्या 'ऐने अकबरी'मध्यें ह्या खेळाचें सविस्तर वर्णन केलें. त्यांतील जुना संच बारा रंगांचा, प्रत्येक रंगांत बारा पानें, म्हणजे एकूण १४४ पानांचा होता. अश्वपति, गजपति, नरपति, गढपति, धनपति अशीं त्या रंगांच्या राजांचीं नांवें आहेत. सारें राज्य आपापल्या सेनेसह व खजिन्यासह जणूं पानांवर मांडलेलें होतें. अकबरानें त्यांत फेरफार केले. मोगली गंजिफा म्हणून पुढें जो संच रूढ झाला तो आठ रंगांचा व ९६ पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश हे त्याचे रंग.

ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, बरात म्हणजे हुंडी किंवा हुकुमाचा कागद, किमाश म्हणजे व्यापारी माल. हें सगळें जग दरबाराचें व कचेरीचें आहे. गांवच्या देवळांत कीर्तन ऐकणाऱ्या कुटुंबांत हा खेळ शिरला तेव्हां त्यास निराळा पोषाख हवा होता. तो पोषाख विष्णूच्या दहा अवतारांनीं पुरविला. आठ रंगांचे दहा झाले, प्रत्येक रंगास एक अवतार राजा म्हणून मिळाला, आणि पानांची संख्या १२० वर गेली. खेळाची घडण बहुतांशीं तीच राहिली. बदलली ती कथा. द्यूताचें नांव काढतांच पांडवांची आठवण होऊन ज्यांच्या कपाळास आठी पडे, त्यांसही रामकृष्णांचीं नांवें घेत खेळण्यांत फारसा दोष वाटेनासा झाला, तर त्यांत नवल नाहीं.

आतां हा संच रचणाऱ्यापुढील अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. गंजिफाचें पान गोल असतें आणि तें तळहातावर सहज मावतें. एवढ्याशा वर्तुळांत अवतार ओळखूं आला पाहिजे. तोही समईच्या उजेडांत, डावाच्या घाईंत. म्हणून प्रत्येक अवतारास एक खूण ठरविली गेली. मत्स्यास मासा आणि कूर्मास कांसव हें उघडच होतें. वराहास शंख, नरसिंहास चक्र, वामनास कमंडलु, परशुरामास परशु, रामास बाण, कृष्णास गाय, बुद्धास कमळ आणि कल्कीस तलवार अशा खुणा सामान्यतः आढळतात. प्रांताप्रांतांत त्यांत थोडाफार भेद असतो. ओरिसांत व बंगालच्या विष्णुपुरांत नवव्या अवताराच्या जागीं जगन्नाथ विराजमान झाला. आपल्याकडील जुन्या पंचांगांच्या चित्रांत त्याच जागीं विठ्ठल दिसतो, हें पाहिलें म्हणजे प्रत्येक प्रांतानें आपलें लाडकें दैवत ह्या मालिकेंत कसें बसविलें तें कळतें.

प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान, आणि एक्यापासून दश्शापर्यंत दहा साधीं पानें. राजाचें पान अधिक अलंकृत, प्रधानाचें त्याहून साधें. साध्या पानांवर केवळ खुणा. तिरीवर तीन मासे, सत्तीवर सात. हिशेब केला तर एका रंगांत पंचावन्न आणि दहा रंगांत साडेपांचशें खुणा हातानें काढाव्या लागतात. शिवाय राजा व प्रधान यांचीं वीस चित्रें निराळीं. त्यांतील एकही मासा दुसऱ्याहून इतका वेगळा होतां कामा नये कीं खेळणाऱ्याचा घोटाळा व्हावा. पानांची पाठ एकरंगी ठेवीत, कारण पाठीवर लहानसा डाग राहिला तरी पान ओळखूं येऊन डावाचा बेरंग झाला असता. चित्रकारास येथें आपली हौस आवरून खेळाची शिस्त पाळावी लागे. श्रीमंतांसाठीं सोनेरी वेलबुट्टीचीं पानें होत, त्यांस दरबार कलम म्हणत. साध्या गिऱ्हाइकासाठीं बाजार कलम असे. पण खुणा स्पष्ट असाव्यात हा नियम दोहोंस सारखाच लागू होता.

खेळ तिघांचा. १२० पानें वांटलीं म्हणजे प्रत्येकाच्या हातीं चाळीस येतात. हुकमाचा रंग असा नसतो. अर्ध्या रंगांत राजा व प्रधान यांच्या खालोखाल दश्शा श्रेष्ठ आणि एक्का कनिष्ठ. उरलेल्या अर्ध्या रंगांत नेमकें उलट, एक्का श्रेष्ठ व दश्शा कनिष्ठ. दिवसां डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातीं असेल त्यानें उतारी करावयाची. रात्रीं तो मान कृष्णाकडे जातो. राम सूर्यवंशांतला आणि कृष्ण चंद्रवंशांतला, हें ज्यास ठाऊक आहे त्यास ह्या नियमांतील गोडी वेगळी सांगावयास नको. कोणतीं पानें पडलीं व कोणतीं शिल्लक आहेत हें सारें स्मरणांत ठेवावें लागतें. त्यामुळें गंजिफा हा दैवाचा खेळ कमी आणि बुद्धीचा अधिक.

पान तयार करण्याची रीतही खटपटीची. कापडास किंवा कागदाच्या थरांस चिंचोक्याची खळ लावून वाळवावयाचें, त्यावर खडूचा लेप द्यावयाचा, गुळगुळीत दगडानें घोटून पृष्ठभाग आरशासारखा करावयाचा, मग गोल कापून रंगवावयाचें, आणि शेवटीं लाखेच्या रोगणाचा हात फिरवावयाचा. ह्या रोगणामुळेंच रंग टिकतात व पानें हातांत सुळसुळ सरकतात.

लाखेचें नांव निघालें कीं महाराष्ट्राच्या अगदीं दुसऱ्या टोंकाची आठवण व्हावी. पूर्व विदर्भांतील गोंदिया हें शहर व त्याच्या भोंवतालचा जिल्हा — जो १९९९ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला — हा पळस व कुसुम ह्या वृक्षांचा मुलूख आहे. लाखेचा बारीक किडा ह्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसून जो चिकट रस सोडतो, त्याचाच थर खरवडून लाख मिळते. जवळच्या रानांतील गोंड लोक गोंद म्हणजे डिंक आणि लाख विकावयास येथें आणीत, त्यावरूनच गांवास गोंदिया नांव पडलें, असें सांगतात. सावंतवाडीच्या पानांवर ह्याच रानांतील लाख चढली असा दावा करण्याचें कारण नाहीं. पण रानांत फिरून लाख खरवडणारे हात आणि समुद्रकांठच्या गांवीं कुंचला धरणारे हात, हे एकाच कलेचे दोन टोंकांचे भागीदार असतात. पान हातीं धरणाऱ्यास मात्र त्यांपैकीं कोणाचेंच नांव ठाऊक नसतें.

सावंतवाडी हें सावंत भोंसल्यांचें लहानसें संस्थान. तेथील लाखकामाची व गंजिफाची परंपरा तेलंगणाकडून आलेल्या लोकांपासून सुरू झाली, असें मानतात. १७५५ पासून १८०३ पर्यंत राज्य करणाऱ्या तिसऱ्या खेम सावंतांच्या काळीं तिला दरबारचा आश्रय लाभला. हें काम करणारीं घराणीं चितारी नांवानें ओळखलीं गेलीं. लांकडी खेळणीं, पाट, पेट्या यांबरोबर गंजिफाही तेच रंगवीत. त्या मुलखांत दशावतारी नाटकें रात्ररात्र चालत. त्यामुळें पानांवरील अवतार हे खेळणाऱ्यांच्या रोजच्या परिचयाचे असत.

अशीच हौस म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियार यांस होती. १७९४ ते १८६८ हा त्यांचा जीवनकाल. त्यांनीं पत्त्यांचे नवे नवे खेळ स्वतः कल्पिले व 'श्रीतत्त्वनिधि' ग्रंथांत त्यांचीं वर्णनें नमूद करविलीं. त्यांतील मोठ्या संचांत तीनशेंहून अधिक पानें आहेत. परंतु एवढा पसारा सांभाळून खेळणार कोण? ते खेळ राजवाड्याबाहेर फारसे रुजले नाहींत. दशावतारी गंजिफा टिकली, कारण तिची कथा सर्वांची होती आणि तिचे नियम लहान मुलासही शिकवितां येत.

तरी पण तिच्यावरही संकट आलेंच. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत लंडनच्या द ला रू यानें यंत्रावर रंगीत पत्ते छापण्याची युक्ति काढली, आणि पुढें युरोपांतून बावन्न पानांचे स्वस्त जोड आपल्या बाजारांत येऊं लागले. इस्पिक, किलवर, बदाम व चौकट यांनीं घरोघर ठाण मांडलें. साडेपांचशें खुणा हातानें काढणारा चितारी यंत्राशीं स्पर्धा कशी करणार? गिऱ्हाईक गेलें तसा कारागीरही दुसऱ्या धंद्यास लागला. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि दरबारचा उरलासुरला आधारही संपला.

विद्या कागदावर लिहिलेली नव्हती. ती बापाकडून मुलाकडे हातोहात जात होती. मुलानें हात आंखडला कीं ती संपली. अशा वेळीं शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं जें केलें तें विशेष आहे. पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कारागिराजवळ ही कला शिल्लक होती. राजदंपतीनें त्यास केवळ बक्षीस देऊन परत पाठविलें नाहीं. स्वतः त्याचें शिष्यत्व पत्करून तें काम शिकून घेतलें, आणि मग गांवांतील तरुणांस शिकविलें. १९७१ सालीं राजवाड्यांतच कारखाना निघाला. ज्या दरबारांत पूर्वी मुजरे झडत, तेथें मुलेंमुली मांडी घालून मासे, कांसवें व परशु रंगवूं लागलीं. शिवरामराजे १९९५ सालीं व सत्त्वशीलादेवी २०१८ सालीं निवर्तल्या; काम मात्र थांबलें नाहीं. दशावताराबरोबर १०८ पानांची नवग्रह गंजिफाही तेथें रंगविली जाते.

एक उणीव मात्र राहून गेली आहे. आज हे संच बहुधा शोभेसाठीं विकत घेतले जातात. कांचेच्या कपाटांत त्यांस जागा मिळते, पण डाव मांडणारे तिघे जमत नाहींत. चितारी वांचला, खेळाडू हरवला. आणि खेळाडूवांचून पान हें केवळ चित्र उरतें.

म्हणूनच जाड कागदावर आपल्या आवडत्या वीरांस बळाचे आंकडे देत बसलेल्या मुलाकडे वडील माणसांनीं कौतुकानें पाहावें. कोणत्या वीरास कोणती खूण द्यावी, कोणाचें पान कोणावर चढावें, हे प्रश्न तो सोडवीत असतो. आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यानेंही तेच सोडविले होते. त्याच्याशेजारीं एखाद्या सुटीच्या दिवशीं गंजिफाचा जोड उघडून ठेवावा आणि घरांतील तिसरा गडी शोधावा. दिवस असेल तर उतारी रामाची.