बटरफ्लाय व्हॉल्व्हमधील गळतीरोधक रचना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाच्या इतिहासात नव्या पदार्थांच्या शोधांना जेवढे स्थान मिळते, तेवढे आकाराच्या विचाराला मिळत नाही. बटरफ्लाय व्हॉल्व्ह, म्हणजे नळाच्या आत आसावर पाव फेरा फिरणाऱ्या चकतीची झडप, हे त्याचे बोलके उदाहरण होय. उच्च दाबाखाली ही झडप गळू नये यासाठी झालेल्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गतिनियंत्रक जोडला, तेव्हा त्याच्या टोकाशी अशीच चकती होती. वाफ कमी-अधिक करणे एवढेच तिचे काम असल्याने थोडी गळती चालत असे. विसाव्या शतकात वाहिनी पूर्ण बंद करण्याचे काम तिच्यावर आले आणि प्रश्न उभा राहिला. चकतीभोवती रबराची बैठक बसविण्यात आली. परंतु चकती प्रत्येक वेळी बैठकीवर घासत असे आणि आस गळतीरोधक वर्तुळाला दोन ठिकाणी छेदत असे.

पदार्थाचा मार्ग :
६ एप्रिल १९३८ रोजी रॉय प्लंकेट यांना योगायोगाने टेफ्लॉन गवसले. रसायनांना दाद न देणाऱ्या व कमी घर्षणाच्या या पदार्थाने बैठकीचे आयुष्य वाढविले. मात्र सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो उपयोगी नाही आणि सततच्या दाबाखाली हळूहळू आकार सोडतो. शिवाय आग लागल्यास मऊ बैठकच नष्ट होते. इंधन रोखावयाची झडपच आगीला इंधन पुरवू लागते. एपीआय ६०७ सारख्या अग्निचाचण्यांची गरज यातूनच स्पष्ट होते.

आकाराचा मार्ग :
दुसरा विचार घर्षणच टाळण्याचा होता. प्रथम आस बैठकीच्या पातळीमागे सरकविला. वर्तुळ अखंड झाले. नंतर तो नळाच्या मध्यरेषेपासून बाजूला घेतला. त्यामुळे उघडताना चकती लवकरच बैठकीपासून सुटू लागली. शेवटी बैठक शंकूच्या आकारात कापून त्या शंकूचा अक्ष तिरका ठेवण्यात आला. आता स्पर्श केवळ बंद होण्याच्या अंतिम क्षणी होतो. घासणे संपल्यामुळे धातूवर धातू टेकविणे शक्य झाले आणि उष्णतेची मर्यादाही बरीच पुढे गेली. अर्थात, येथे घट्टपणा चकतीवरील पिळावर अवलंबून असतो. पीळ अपुरा पडला किंवा बैठकीवर कचरा अडकला, तर ही झडपही गळते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, पदार्थाने प्रश्नाची मर्यादा पुढे ढकलली, तर भूमितीने प्रश्नाचे मूळ कारणच दूर केले. तथापि टेफ्लॉनचा शोधकर्ता आणि शोधाची तारीख पाठ्यपुस्तकात सापडते. आस थोडा बाजूला सरकविणाऱ्या अभियंत्याचे नाव क्वचितच सापडते. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकविताना या अनामिक दुरुस्त्यांनाही स्थान देणे आवश्यक आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.