लगुना माद्रे : हिवाळ्यातील मासेमारी

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण किनाऱ्यालगत, पाद्रे बेटाच्या आडोशाला पसरलेले खारकच्छ. कॉर्पस क्रिस्टी शहरापासून मेक्सिकोच्या सीमेजवळपर्यंत लांबी सुमारे २०० किमी. खोली मात्र सरासरी जेमतेम एक मीटर. पाऊस तुटपुंजा, नद्यांची भर नगण्य आणि ऊन कडक, त्यामुळे इथले पाणी अनेकदा समुद्रापेक्षाही खारट असते. तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत. उन्हाळ्यात ज्या उथळपणामुळे मासे इथे पोसतात, तोच हिवाळ्यात त्यांच्या जिवावर उठतो.

इथल्या गरवणाऱ्यांचे आवडते मासे तीन : ठिपकेदार ट्राउट, रेडफिश आणि ब्लॅक ड्रम. यांतला ट्राउट नावापुरताच ट्राउट आहे. खऱ्या, गोड्या पाण्यातल्या ट्राउटशी त्याचे काही नाते नाही. तिघेही आपल्या घोळ, कोथ आणि धोम्याच्या कुळातले. कोकणात ज्या बोताला सोन्याचा भाव येतो, तो पोटातला फुगा स्नायूंनी थरथरवून हे मासे ढोलासारखा आवाज काढतात. ‘ड्रम’ हे नाव त्यावरूनच पडले.

माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी गारठले की त्याचे पचन मंदावते, भूक आटते आणि आमिषामागे धावण्याची हौसही संपते. म्हणून इथे हिवाळ्यात गरवायला निघणारा माणूस आधी पाण्याचे तापमान पाहतो, गरी-दोरीचा विचार नंतर. पहाट गाठायची ही गरवणाऱ्याची नेहमीची सवय या दिवसांत फारशी कामाची नसते. काळ्या चिखलाचा तळ ऊन शोषून घेतो, त्यावरचे पाणी दुपारपर्यंत थोडे कोमट होते आणि मासे तिथे सरकतात. अंश-दोन अंशांचा फरकही पुरतो.

लगुना माद्रेला जोडलेला बॅफिन उपसागर याच ऋतूत मोठ्या ट्राउटसाठी नावाजलेला आहे. कृमींच्या नळ्यांपासून बनलेले जुने खडक त्याच्या तळाशी विखुरले आहेत. कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहून, उबदार जलरोधी विजार चढवून, लोक तासन्‌तास गरी फेकतात. मोठा ट्राउट थंडीत वारंवार खात नाही. एखादी ठसठशीत बोय गिळली की त्याचे बराच काळ भागते. ह्यूस्टनच्या पॉल ब्राउन यांनी बनवलेले ‘कॉर्की’ हे मऊ, सावकाश बुडणारे नकली आमिष अशा अर्धवट झोपलेल्या माशासाठीच जणू घडवलेले आहे. ते ओढायचे नाही, पाण्यात नुसते लोंबकळू द्यायचे. अधीर माणसाचे हे काम नव्हे.

खरी कसोटी ‘ब्लू नॉर्दर’ येतो तेव्हा लागते. उत्तरेकडून येणाऱ्या या थंड झोतात पारा धाडकन उतरतो आणि वाऱ्याच्या रेट्याने उथळ पाणीही हटते. हळूहळू वाढणारी थंडी मासे सोसतात. अशी एकाएकी आलेली त्यांना पळायलाही वेळ देत नाही. पाणी सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ट्राउटचे प्राण कंठाशी येतात. रेडफिश त्याहून चिवट. १९८३ च्या डिसेंबरातील गोठणीत टेक्सास किनाऱ्यावर सुमारे १.४४ कोटी मासे मेले. १९८९ या एकाच वर्षात, फेब्रुवारीत आणि डिसेंबरात, असे तडाखे दोनदा बसले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मृत माशांचा अंदाज किमान ३८ लाखांचा होता. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक मासे गरवणाऱ्यांच्या खिजगणतीत नसलेले, पण बड्या माशांचे खाद्य असलेले होते. ट्राउट सुमारे १ लाख ६० हजार गेले, त्यांतले बहुतेक लगुना माद्रेतले. थंडीने बधिर होऊन तरंगणारी हजारो समुद्री कासवे स्वयंसेवकांनी उचलून आणली आणि साउथ पाद्रे बेटावरच्या संमेलनगृहाच्या फरशीवर ओळीने ठेवली.

मासे पळतात ते खोल पाण्याकडे. लगुना माद्रेत असे पाणी मुख्यतः माणसानेच खोदलेले : १९४९ साली पूर्ण झालेला, साडेतीन मीटरांहून थोडा अधिक खोल असा जहाजांचा कालवा. थंडीच्या लाटेत त्यात आणि बंदरांच्या गोद्यांत माशांची दाटी होते. अर्धमेल्या माशांच्या या गर्दीत गरी टाकणे म्हणजे पिंपातून मासे काढण्यासारखे. म्हणून राज्याचे वन्यजीव खाते कडाक्याच्या थंडीत अशा जागा काही दिवस मासेमारीला बंद करते. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२४ मध्ये तसे झाले. २०२१ च्या गोठणीनंतर लगुना माद्रेत ट्राउटची दैनंदिन मर्यादा माणशी ५ वरून ३ वर आणली गेली. ठेवायचा मासा साधारण ४३ ते ५८ सेंमी लांबीचाच हवा, असेही त्या वेळी ठरले. मोठ्या, अंडी देणाऱ्या माद्या पाण्यात राहाव्यात हा हेतू.

एक नियम नवख्यांना चमत्कारिक वाटतो. गारठून पोट वर करून तरंगणारा ट्राउट वा रेडफिश हाताने किंवा जाळीने उचलून नेणे बेकायदा आहे, तो मेलेला दिसत असला तरी. हे मासे फक्त गळानेच धरता येतात, आणि तरंगणाऱ्यांपैकी काही ऊन चढल्यावर पोहत निघून जातात.