संत्रा बागेतील यांत्रिक गवतकापणी

संत्रा बागेतील यांत्रिक गवतकापणी म्हणजे झाडांच्या दोन ओळींमधील गवत मुळासकट न उपटता, लहान डिझेल ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने छाटण्याची पद्धत होय. नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर या संत्रा पट्ट्यात झाडे साधारणतः ६ × ६ मीटर अंतरावर लावतात. पूर्ण वाढलेल्या झाडांचा घेर वजा जाता मधली वाट अरुंद उरते; त्यामुळे १५ ते २५ अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर येथे सोयीचे ठरतात.

गवत राठ होण्याचे कारण

भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर नेता येत नाही. चाके रुततात व माती दाबली जाते. या खोळंब्यात हरळी, लव्हाळा व कुंदा माजतात आणि फुलोऱ्यावर आलेले गवत तंतुमय व चिवट होते. नांगर किंवा रोटाव्हेटर चालवून ते मोडता येते. परंतु संत्र्याची अन्न शोषणारी मुळे वरच्या थरातच असल्याने ती तुटतात आणि जखमांतून फायटोप्थोरा बुरशीला वाट मिळते. म्हणून कापणी अधिक सुरक्षित ठरते. अर्थात कुंद्याची मुळे खोल असल्याने कापणीने तो केवळ आटोक्यात राहतो, नष्ट होत नाही.

यंत्र व कापणी

स्लॅशर यंत्रात उभ्या आसावर आडवी फिरणारी पाती असतात. ती खिळीवर सैल बसवलेली असल्याने दगड लागताच मागे वळतात. फ्लेल प्रकारात आडव्या दंडगोलावरील अनेक छोटी पाती गवताचा बारीक चुरा करतात, मात्र त्यास शक्ती अधिक लागते. दोन्हींना ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्यातून सामान्यतः मिनिटाला ५४० फेऱ्यांची गती मिळते.

लहान ट्रॅक्टरची खरी कसोटी येथेच लागते. इंजिनाच्या फेऱ्या उतरल्या की पात्यांचा वेग घटतो, गवत कापले जाण्याऐवजी आडवे पडते आणि आसाला गुंडाळते. म्हणून पुढे सरकण्याचा वेग अ‍ॅक्सिलरेटर कमी करून नव्हे, तर खालचा गिअर टाकून कमी करावा लागतो. कमरेइतके गवत प्रथम २० ते २५ सेंटीमीटर उंचीवर, यंत्राच्या निम्म्या रुंदीनेच कापतात; दुसऱ्या फेरीत यंत्र खाली घेतात. बोथट पाती व दवाने ओले गवत इंजिनावरील भार वाढवतात. कुसळे व भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापते, त्यामुळे ती वरचेवर झाडावी लागते.

कापलेले गवत आच्छादन म्हणून उपयोगी पडते, पण ते खोडाला टेकवू नये. गाजरगवत मात्र फुले येण्यापूर्वीच कापावे, अन्यथा यंत्रासोबत बी बागभर पसरते.

धोके

ठिबकच्या नळ्या पात्यांत गुंडाळल्या जाणे ही नेहमीची हानी आहे. कापणीपूर्वी त्या गुंडाळून झाडाखाली घेतात. पात्यांनी उडालेला दगड दूरवर जातो, म्हणून मजुरांना जवळ थांबू देऊ नये. अडकलेले गवत काढण्यापूर्वी पीटीओ सोडवून इंजिन बंद करणे आवश्यक असते. यंत्राची कड खोडाला घासल्यास त्या जखमेतून डिंक्या रोग शिरू शकतो. त्यामुळे आळ्यातील गवत विळ्यानेच काढतात आणि साल खरचटल्यास त्यावर बोर्डो मलम लावतात.