खळ्यावरचे माप

आश्विन सरू लागला की केरीच्या मळ्यांत सरदाची कापणी सुरू होई. पहाटेच्या दवात विळे चालत, पेंढ्या खळ्यावर येत. मग मळणी आणि सुपाने वारवणे. दिवाळीच्या पोह्यांचे भात आधी बाजूला निघे. उरलेल्यातले कणगीत किती जायचे, ते मात्र भाटकाराचे माप ठरवी.

पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. राजवट पालटली, कूळ कूळच राहिले. तेरेखोल नदीपलीकडे, मुंबई राज्यात, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. आमच्याकडे मुक्तीच १९६१ साली आली. १९६४ च्या कूळ कायद्याने खंडाला एक षष्ठांशाची मर्यादा घातली आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळच जमिनीचे मालक ठरले. पलीकडच्या सोयऱ्यांनंतर तब्बल एकोणीस वर्षांनी!

आज एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आपले आहे; विळा धरणारे हात मात्र नोकरीसाठी बाहेर आहेत आणि काही मळे पडीक आहेत. नरकचतुर्दशीला पोह्यांचे ताट पुढे येईल, तेव्हा मुलांना त्या मापाची गोष्ट एकदा तरी सांगावी.