क्रेनवरची पाटी काय सांगते?

वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवलं, त्याची नोंद पुस्तकांत मिळते. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यातल्या गाळ्यांमधल्या कारखान्यांचं तसं नाही. तिथल्या एखाद्या क्रेन कंपनीचा इतिहास लिहायचा, तर सुरुवात यंत्रावरच्या पाटीपासून करा.

पाटीवर 'जि. ठाणे' असेल तर क्रेन बहुधा १ ऑगस्ट २०१४ च्या आधीची. पालघर जिल्हा त्या दिवशी अस्तित्वात आला. 'बहुधा' अशासाठी, की जुन्या पाट्या संपेपर्यंत वापरल्या जातात.

मग लेटरहेडवरचा २१ अक्षर-अंकी कंपनी ओळख क्रमांक बघा. त्यात 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र, पुढचे चार अंक नोंदणीचं वर्ष. पण हेच स्थापनेचं वर्ष, असं धरलंत तर फसाल. त्याआधी काम भागीदारीत चाललेलं असू शकतं.

आणि पहिली क्रेन कोणी जोडली, कोणी वेल्डिंग केलं, हे या दोन्हींत नसतं. ते जुना फिटर सांगेल. निवृत्त होऊन तो गावी जायच्या आत त्याला गाठा. नोंदणीचे कागद नंतरही काढता येतात.