वेणींत गुंफलेली गणना



कोल्हापुरी चपलेवरील चामड्याची वेणी आपण सर्वांनीं पाहिली आहे. चप्पल झिजली, तरी कोणता पेड कोणावरून गेला हा क्रम मोडत नाहीं. याच साध्या गोष्टीच्या आधारें गणनयंत्र घडविण्याचा प्रयत्न सुमारें तीस वर्षें चालला आहे. त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

क्वांटम संगणकाचें मूळ दुखणें असें कीं, त्यांतील माहिती किंचित् उष्णतेनें वा धक्क्यानेंही बिघडते. १९९७ सालीं अलेक्सी किताएव या रशियन शास्त्रज्ञानें सुचविलें कीं, ती एका कणांत न ठेवतां, कण एकमेकांभोंवतीं ज्या क्रमानें फिरतात त्या क्रमांत गुंफावी. मात्र हे कण नेहमींचे नव्हेत. खासबागेंत कुस्ती निकालीं निघतांच प्रेक्षकांत लाट उसळते. ती कोणा एकाची नसते, तरी स्पष्ट दिसते. तसेच असंख्य इलेक्ट्रॉन मिळून एकाच निराळ्या कणासारखे वागतात. सपाट थरांत असा नवा प्रकार संभवतो, हें नॉर्वेच्या लायनास व मिरहाइम यांनीं १९७७ सालीं दाखविलें. १९८२ सालीं विल्चेक यांनीं त्यास ‘एनियॉन’ हें नांव दिलें. फिरण्याचा क्रम जपण्याचा गुण त्यांच्या कांहीं जातींतच असतो.

तशा एका जातीचा माग इटलीच्या एत्तोरे मायोराना यांच्यापर्यंत जातो. स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेल्या कणाची कल्पना त्यांनीं १९३७ सालीं मांडली. पुढच्याच वर्षीं ते समुद्रप्रवासांत बेपत्ता झाले. त्या कल्पनेसारखी अवस्था अतिवाहक तारेच्या दोन टोंकांशीं मिळेल, असें किताएव यांनीं २००१ सालीं गणितानें दाखविलें. २०१२ सालीं हॉलंडांतील डेल्फ्ट येथें तिची चाहूल लागली. २०१८ सालीं पक्क्या पुराव्याचा प्रबंध निघाला. परंतु इतरांनीं मूळ मोजमापें तपासलीं, कांहीं वगळलेलीं आढळलीं, आणि २०२१ सालीं लेखकांनीं तो मागें घेतला. २०२५ सालीं मायक्रोसॉफ्टनें ‘मायोराना-१’ हें यंत्र जाहीर केलें. पण सोबतच्या प्रबंधानें त्या अवस्थेचें अस्तित्व सिद्ध होत नाहीं, असें प्रकाशक नियतकालिकाच्या संपादकांनींच नमूद केलें.

आपल्याकडे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची संरक्षण-संशोधन प्रयोगशाळा यांनीं २०२४ सालीं सहा क्यूबिटांचें यंत्र तपासून पाहिलें. तें अतिवाहक मंडलांचें, म्हणजे निराळ्या वाटेचें आहे.

मीं आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. खाडाखोड दिसूं देणाऱ्या मुलाला त्याची चूक दाखवितां येई; कोरें पान लावून उत्तर तेवढें उतरविणाऱ्याला दाखवितां येत नसे. चूक सोसणारें यंत्र अजून हातीं आलेलें नाहीं. परंतु त्याच्या शोधांत छापलेला प्रबंध परत घेण्याचें धैर्य मात्र दिसलें, आणि पुढील काम त्यावरच उभें राहणार आहे.