क्लिप लावायचं वय

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारली, त्याने ऑर्थोडॉन्टिस्टचं बिल पाहिलेलं नसणार. पण मामला त्याला नेमका कळला होता.

माझे वरचे दोन दात पुढे आणि एक सुळा चक्क दुसऱ्या रांगेत. सातवीत शाळेत दंततपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी दिली : क्लिप लावून घ्या. आईने चिठ्ठी वाचली, खर्च विचारून आली आणि ती चिठ्ठी देवघराच्या खणात गेली. तिथून ती पुन्हा बाहेर आली नाही. पुढे कॉलेजचा ग्रुप फोटो असो की लग्नाचा अल्बम, सगळीकडे माझे ओठ मिटलेले. हाताशी चणे आले तेव्हा मी ३१ वर्षांची होते. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला? लग्न तर झालंय की!"

त्यांच्या प्रश्नात तसं काही चुकीचं नव्हतं. दात सरळ करायचे ते वयात येताना आणि लग्नासाठी, हे आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. हे वय कुणी ठरवलं आणि ही किंमत कुणी ठरवली, याचा शोध घेत मी गेले ती थेट अमेरिकेतल्या सेंट लुईसला.

त्याआधी पॅरिसला एक धावती भेट. १७२८ साली पिएर फोशार या दंतवैद्याचा जाडजूड ग्रंथ आला. त्यात धातूची एक वाकवलेली पट्टी दोऱ्याने दातांना बांधून त्यांना ओळीत आणायची कृती आहे. म्हणजे कल्पना जुनीच. तिचा धंदा व्हायला मात्र पावणेदोनशे वर्षं लागली, आणि तो केला एडवर्ड अँगल नावाच्या हट्टी माणसाने.

१८९९ मध्ये अँगलने वरखालचे दात एकमेकांवर कसे बसतात याची विभागणी मांडली. पहिली कायमची दाढ कुठे बसते यावरून तीन वर्ग. माझ्या केसपेपरवर लिहिलेलं 'क्लास टू, डिव्हिजन वन' ही त्याचीच भाषा आहे. १९०० साली त्याने सेंट लुईसमध्ये या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. इतर दंतवैद्यांच्या हाती हे काम राहू नये, हा त्याचा आग्रह. आपल्या उपकरणांची पेटंट त्याने घेतली होती. बेल्व्हेडिअरचा अपोलो हा ग्रीक देवाचा पुतळा त्याला सुंदर चेहऱ्याचा नमुना वाटायचा. (संगमरवरी देवाशी तुलना झाल्यावर कुणाचा जबडा पास होणार?) शिवाय त्याचा एक ठाम सिद्धांत होता : माणसाला निसर्गाने दिलेले सगळे दात तोंडात मावलेच पाहिजेत, एकही उपटायचा नाही.

महागाईचं मूळ मात्र सिद्धांतात नव्हतं. ते होतं तारेत आणि वेळेत. अँगलच्या काळातल्या चांगल्या तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या. शिवाय आजच्यासारखं ब्रॅकेट दातावर चिकटवता येत नव्हतं. प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवायचं, मापाला आवळायचं, सांधायचं, मग सिमेंटने पक्कं करायचं. एकेका दातावर सोनाराचं काम! बिलात धातू होता, आणि त्याहून जास्त डॉक्टरचे तास होते. असा खर्च आईबाप मुलांसाठी करायचे, आणि तेही श्रीमंत आईबाप.

धातूचा प्रश्न सुटायला ऑस्ट्रेलियाचा हात लागला. रेमंड बेग हा तरुण १९२० च्या दशकात अँगलकडे शिकायला गेला आणि अ‍ॅडलेडला परतल्यावर गुरूचा सिद्धांत पाळू लागला. रुग्णांचे सगळे दात ओळीत बसायचे, पण चेहरे पुढे आल्यासारखे दिसायचे आणि दात पुन्हा सरकायचे. मग बेगने आदिवासी ऑस्ट्रेलियन माणसांच्या जुन्या कवट्यांचे दात अभ्यासले. कडक अन्नाने ते घासले जाऊन आखूड आणि अरुंद झाले होते. आपले दात मऊ अन्नामुळे झिजत नाहीत, म्हणून जागा कमी पडते, असा त्याने निष्कर्ष काढला आणि उपदाढा काढायला सुरुवात केली. गुरूच्या दृष्टीने हे पापच! पण पुढे आर्थर विलकॉक या धातुतज्ज्ञाने त्याच्यासाठी स्टेनलेस स्टीलची लवचीक, गोल तार तयार केली. सोनं हद्दपार झालं. बेगची पद्धत भारतातल्या दंत महाविद्यालयांत पुढे बरीच वर्षं शिकवली गेली. तुमच्या एखाद्या मावशीच्या दोन उपदाढा काढून क्लिप लावली असेल, तर त्यामागे अ‍ॅडलेडचा हा माणूस असायची बरीच शक्यता आहे.

वेळेचा प्रश्न सुटला तो रंगकामावरून. कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी अ‍ॅसिड लावतात, हे पाहून मायकल ब्युनोकोरने १९५५ मध्ये दाताच्या एनॅमलवर फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून पाहिलं. पृष्ठभाग किंचित खरबरीत झाला आणि त्यावर रेझिन घट्ट चिकटलं. दहाएक वर्षांत जॉर्ज न्यूमनने याच युक्तीने ब्रॅकेट थेट दातावर चिकटवले. कडी गेली, सोनारकाम गेलं. १९७० च्या दशकात निकेल-टायटॅनियमची तार आली. मूळ मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतला. वाकवली तरी मूळ आकाराकडे परत येणारी ही तार हळू आणि सतत ओढत राहते, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी ती बदलावी लागत नाही. अर्ध्या दिवसाची रजा मागायला साहेबापुढे उभं राहणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थ लगेच कळेल.

आणि वय? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा पातळ पडदा असतो. दाताला दाबलं की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, ताणाच्या बाजूला नवं तयार होतं. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. हिरड्या धड असतील तर तिशीत काय, पन्नाशीतही हे घडतं. फक्त जबड्याची वाढ थांबलेली असते, त्यामुळे ती वळवता येत नाही. म्हणजे शरीराने प्रौढांना कधीच नकार दिला नव्हता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतसुद्धा १८ वर्षांखालच्या गरजू मुलांचे दात मोफत सरळ होतात, मोठ्यांचे क्वचितच. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यांत हा खर्च बसतच नाही.

या रिकाम्या जागेत बाजार शिरला. झिया चिश्ती या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याने स्वतः मोठेपणी क्लिप लावली होती. पारदर्शक रिटेनर काही दिवस न घालता पुन्हा घातला की सरकलेले दात जागेवर येतात, हे त्याच्या लक्षात आलं. १९९७ मध्ये त्याने केल्सी वर्थबरोबर कंपनी काढली आणि त्यातून इन्व्हिजलाइन आलं. दिसत नाही, पण स्वस्तही नाही. २०१७ पासून तिची सुरुवातीची पेटंट संपू लागली. त्याआधीच, २०१४ मध्ये, स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी निघाली होती. घरबसल्या दातांचा साचा घ्या, पोस्टाने पाठवा, अलाइनर घरी येतील, खर्च साधारण २ हजार डॉलर. २०१९ मध्ये ती शेअर बाजारात गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. अनेकांचे दात तेव्हा अर्ध्या वाटेवर होते. हप्त्यावर उपचार घेणाऱ्यांनी हप्ते भरत राहावेत, अशी कंपनीची अपेक्षा होती!

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या फोनवर अशाच एका देशी कंपनीची 'सोपे मासिक हप्ते' वाली जाहिरात उघडी होती. ती बंद करून मी सरकारी दंत महाविद्यालयात गेले. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी आहे, नागपूरलाही आहे. अशा ठिकाणी एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली क्लिप लावतात आणि खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी येतो. उरलेली किंमत वेळेत मोजायची. सकाळी लवकर केसपेपरची रांग, मग एक्स-रे, मग साचा, मग 'पुढच्या मंगळवारी या'. माझ्या बाकावर आठवीतली मुलं, त्यांच्या आया आणि एक पन्नाशीचे रिक्षावाले काका. त्यांना दातांतल्या फटी बुजवायच्या होत्या. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

एमडीएस तीन वर्षांचं, माझा उपचार दोन-अडीच वर्षांचा. त्यामुळे मध्येच माझ्या डॉक्टर मॅडम पास होऊन गेल्या आणि जाताना माझी फाइल त्यांच्या ज्युनिअरच्या हातात ठेवली. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्याने आरसा धरला आणि म्हणाला, "ताई, जरा हसा. ओठ उघडून. फोटो फाइलला लावायचाय."